वाटेवरचे शहर आणि मराठी प्रवासलेखन : बीडच्या निमित्ताने

मराठी प्रवासवर्णनाचा विचार करताना समीक्षेने बहुधा लेखकाचे व्यक्तिमत्त्व, त्याची शैली आणि फार तर ललित व माहितीपर अंशांचे परस्परप्रमाण एवढ्याच गोष्टींकडे लक्ष दिले आहे. कोणते स्थळ वर्णनीय ठरते आणि कोणते केवळ गाडी बदलण्याचे ठिकाण म्हणून उरते, हा प्रश्न वाङ्मयीन मानला गेलेला नाही. तो भूगोलाचा किंवा पर्यटनाचा प्रश्न समजून बाजूला ठेवला गेला. वस्तुतः स्थळाची निवड ही प्रवासवर्णनातील पहिली वाङ्मयीन कृती असते. लेखक घरातून निघण्यापूर्वीच वाङ्मयप्रकाराने त्याची वाट बरीचशी आखून दिलेली असते.

महाराष्ट्रातील प्रवासापुरते बोलायचे तर ही वाट दोन साच्यांनी आखलेली दिसते. महादेवशास्त्री जोशी यांच्या ‘तीर्थरूप महाराष्ट्र’चे शीर्षक पहिला साचा सांगते, गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’चे शीर्षक दुसरा. महाराष्ट्राबाहेर, किंवा देशाबाहेर, पाऊल पडले की तिसरा साचा सुरू होतो, त्याला पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकावरून ‘अपूर्वाई’चा साचा म्हणता येईल. तीर्थाला पुण्यासाठी जायचे, दुर्गावर इतिहासासाठी, परदेशी विस्मयासाठी. हे तिन्ही साचे आपापल्या जागी समर्थ आहेत आणि त्यांतून चांगले लेखन झाले आहे, हे निर्विवाद आहे. प्रश्न त्यांच्यामधून निसटलेल्या गोष्टीचा आहे. जे मुक्कामाचे ठिकाण नाही, ज्याच्यामधून सगळे जातात पण ज्याच्याकडे कोणी जात नाही, असे व्यापारी वाटेवरचे शहर या तिन्हींपैकी कशातच बसत नाही. त्यातून त्या शहराच्या वास्तू सुलतानी किंवा मोगल काळातल्या असल्या, मशीद, दर्गा, वेस, बावडी, ईदगाह अशा असल्या, तर ते आणखीच बाहेर राहते.

बीड हे अशा शहराचे ठळक उदाहरण आहे. ‘पेरिप्लस’च्या अज्ञात लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन बाजारांची नोंद केली. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे त्याचे गणित आहे. माल गाड्यांवरून, रस्ता नसलेल्या मुलखातून येई, असेही तो सांगतो. पैठण आणि तेर यांना जोडणारी रेषा नकाशावर ओढली तर ती आजच्या बीड जिल्ह्यातून जाते. पुढे राजधान्या बदलल्या. देवगिरीची दौलताबाद झाली, बीदर, अहमदनगर, गोवळकोंडा उभे राहिले, आणि त्यांच्यामधला मुलूख फौजांच्या, काफिल्यांच्या आणि महसुलाच्या ये-जा करण्याचा झाला. बिंदुसरेच्या काठचे हे गाव या येण्याजाण्यावर वाढले. कोतवाली वेस, राजुरी वेस ही नावे आजही पत्ता सांगताना वापरली जातात. वेशीचे नाव ती वाट कुठे जाते त्यावरून पडावे, हे वाटेवरच्या शहराचेच लक्षण आहे.

या वाटेची मध्ययुगातली एक साक्ष मोठी विलक्षण आहे आणि ती नेमकी कशी वाचली जाते हे पाहण्यासारखे आहे. वरंगळच्या बाजूने आजारी होऊन परतणारा मुहम्मद तुघलक बीडजवळ दातदुखीने हैराण झाला. त्याचा दात पडला, तो तेथे समारंभाने पुरला गेला आणि त्यावर कबर बांधण्यात आली, अशी हकीकत फरिश्त्याने दिली आहे. घटना चौदाव्या शतकाच्या चौथ्या दशकातली, फरिश्ता सतराव्या शतकाच्या आरंभीचा. बीड तालुक्यातील करझणीजवळच्या टेकडीवरची वास्तू ती हीच, असे मानले जाते. मराठीत ही हकीकत जेव्हा येते तेव्हा ‘वेड्या महंमदा’च्या लहरीचा आणखी एक दाखला म्हणून येते. वाचक हसतो आणि पुढे जातो. पण फरिश्त्याचा मजकूर पुढे चालू आहे : सुलतान बीडहून पैठणला गेला आणि तेथे त्याने उपचार घेतले. म्हणजे हा मजकूर विनोदाचा नसून मार्गाचा आहे. वरंगळ, बीड, पैठण, दौलताबाद हा क्रमच त्यातला महत्त्वाचा भाग. दाताच्या विक्षिप्त गोष्टीने तो रस्ता झाकून टाकला आणि बीडच्या वाट्याला साहित्यात उरला तो एक किस्सा.

किश्शाप्रमाणेच सूचीही वाट झाकते. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या भीर जिल्ह्याच्या राज्य गॅझेटियरचे माहितीचे ऋण कोणी नाकारणार नाही. तथापि त्यातील स्थळांचे प्रकरण अशा सर्व ग्रंथांप्रमाणे वर्णक्रमाने लावलेले आहे. अंबाजोगाई आद्याक्षरामुळे आधी येते, धारूर मागून. प्रवासी ज्या क्रमाने त्या गावांतून जाई त्या क्रमाचा मागमूस राहत नाही. धारूरचा किल्ला १५६७ मध्ये विजापूरच्या किश्वरखानाने उभारला आणि १६३१ मध्ये, दख्खनच्या महादुष्काळात, मोगल सरदार आझमखानाने तो घेतला. या दोन तारखा एकेका परिच्छेदात बंद केल्या की केवळ तारखा राहतात. विजापूर, अहमदनगर आणि नंतर दिल्ली या तिघांनाही बालाघाटाच्या कड्यावरची तीच एक जागा का हवी होती, हे कळण्यासाठी घाटातून चढणाऱ्या रस्त्याचे वर्णन लागते, आणि ते करणे सूचीचे काम नव्हे. ते ललित गद्याचे काम होते. ते झाले नाही.

याच्या शेजारी परदेशी गेलेले मराठी प्रवासलेखन ठेवून पाहावे. गेल्या काही दशकांत त्याचा नकाशा पुष्कळ विस्तारला. लंडन-पॅरिसच्या पलीकडे इराण, तुर्कस्तान, मध्य आशिया ही क्षेत्रे मराठीत आली. मीना प्रभू यांची ‘तुर्कनामा’ आणि ‘गाथा इराणी’ ही पुस्तके तर त्या त्या देशालाच वाहिलेली आहेत. समरकंद, बुखारा, इस्फहान ही नावे आता मराठी वाचकाला परकी नाहीत. निळ्या फरशा, घुमट, कमानी, बागा आणि वाहते पाणी हा त्या वर्णनांचा ठरलेला ऐवज आहे, आणि त्यामागची उत्सुकता प्रामाणिक आहे. परंतु या सर्व प्रकारच्या वर्णनांत एक गोष्ट सहसा घडत नाही : जे पाहिले जात आहे त्याचे घराकडे काही नाते आहे, ही जाणीव भाषेत उमटत नाही. वाचकाला बीदर आठवत नाही. समरकंदच्या रेगिस्तानातील उलुगबेगचा मदरसा १४१७ ते १४२० या काळात बांधला गेला. बीदरचा महमूद गावानचा मदरसा १४७२ चा. दुसरा पहिल्याचा दूरचा वंशज आहे, हे त्याच्या उरलेल्या एकुलत्या मिनाराकडे आणि त्यावरच्या फरशांच्या अवशेषांकडे पाहूनही कळते. हा गावान गीलानचा व्यापारी. १४५३ मध्ये तो उतरला कोकणातल्या दाभोळला. कॅस्पियनच्या काठाहून दाभोळमार्गे बीदरला पोचलेला हा रस्ता मराठी मुलखातून गेला आहे. तरीही इस्फहान ‘अपूर्व’ आणि बीदर ‘वाटेत लागणारे’.

याचे एक कारण भाषेतच सापडते. कमान, महिरप, मनोरा, घुमट, हौद, बुरूज, दरवाजा, दालान, दिवाणखाना ही सारी वास्तूची शब्दसंपत्ती फार्सी-अरबीतून मराठीत आली आणि इतकी मुरली की कोणत्याही वाड्याचे वर्णन तिच्यावाचून करता येत नाही. माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला, तो या मुरलेपणाची मोजदादच होता. (त्याच कोशकाराने १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहावा, हा मराठीच्या या शब्दसंपत्तीशी असलेल्या अवघडलेल्या नात्याचाच नमुना.) आता गंमत अशी, की परदेशातील इमारतीसमोर उभा राहिलेला मराठी लेखक ‘महिरप’ हा शब्द वापरतो तेव्हा त्याला तो तेथल्या वस्तूचे भाषांतर वाटतो, आणि आपल्याच तालुक्यातील मशिदीसमोर तो गप्प राहतो किंवा ‘भव्य’, ‘प्रेक्षणीय’, ‘शिल्पसमृद्ध’ अशा संस्कृत विशेषणांच्या मागे जातो. विशेषण वाढते तिथे पाहणे थांबलेले असते. बीडमधील जामा मशिदीबद्दल जे काही छापील मराठीत वाचायला मिळते त्यात जहांगीरच्या कारकिर्दीचा उल्लेख असतो, आकाराची स्तुती असते. दगड कुठला, कमान टोकदार की पसरट, सहन किती उघडे, सावली कोणत्या वेळी कुठे पडते, यांतले काही नसते.

हे मौन केवळ पुण्या-मुंबईच्या अज्ञानाचे आहे, असे म्हणून सुटका होणार नाही. मराठवाड्याच्या स्वतःच्या लेखनातही ते आहे, आणि तिथे त्याची कारणे अधिक खोल आहेत. निजामी राजवटीत मराठी भाषकांना शाळा-कचेरीत आपल्या भाषेसाठी झगडावे लागले. रझाकारांच्या काळाच्या आठवणी आणि १७ सप्टेंबर १९४८ च्या आगेमागे दोन्ही बाजूंच्या सामान्य माणसांनी जे सोसले त्याच्या आठवणी घरोघर होत्या. ज्या सत्तेविरुद्ध लढा दिला तिच्याशी जोडल्या गेलेल्या घुमटाकडे रसिकतेने पाहण्याची फुरसत त्या पिढीला नसावी, हे समजण्यासारखे आहे. परंतु समजण्यासारखे असणे आणि पुरेसे असणे यांत फरक आहे. निजामी अंमल अठराव्या शतकातला. बीडची बावडी निजामशाहीतली, धारूरचा किल्ला आदिलशाहीतला, करझणीची कबर तुघलकाच्या काळातली. सहा शतकांना एका राजवटीच्या नावाखाली गोळा करणे ही इतिहासाची नव्हे, स्मृतीची सोय आहे.

मौन मोडते तेव्हा दोन ठराविक सूर लागतात. पहिला आक्रमणाचा : इमारत म्हणजे जिंकणाऱ्याची खूण. याची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि त्यात नवे सांगण्याजोगे थोडेच आहे. दुसरा सूर सलोख्याचा. तो सज्जनांचा असल्यामुळे समीक्षेच्या तडाख्यातून वाचतो, म्हणून त्याच्याकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे. बीडच्या मन्सूरशाह यांच्या दर्ग्याचे उदाहरण घ्यावे. महादजी शिंदे त्यांना गुरुस्थानी मानत. ग्वाल्हेरच्या राजघराण्याने ती निष्ठा पुढे जपली. ही गोष्ट सांगितली जाते ती हिंदू-मुस्लिम ऐक्याचा दाखला म्हणून, आणि दाखला देऊन झाला की वास्तूचे काम संपते. पण पानिपतातून वाचलेल्या एका मराठा सरदाराचा आणि निजामाच्या मुलखातील एका फकिराचा संबंध जुळतो कसा, ग्वाल्हेर आणि बीड यांच्यात पुढे काय ये-जा राहिली, इनाम कोणते, उरुसाचा खर्च कोणाचा, त्या आश्रयाने इमारतीवर काय उमटले, हे प्रश्न ‘सलोखा’ या एका शब्दाने विचारण्याआधीच मिटतात. आक्रमणाचा सूर इमारतीला पुरावा करतो, सलोख्याचा सूर तिला प्रतीक करतो. इमारत दोघांनाही नको असते.

याला पर्याय मराठीत नव्हता असे नाही. उलट तो फार जुना आहे. चौदाव्या शतकातील मुनी व्यास कोठी यांची ‘स्थानपोथी’ हा चक्रधर-गोविंदप्रभूंच्या वास्तव्यस्थानांचा तपशील नोंदवणारा महानुभाव ग्रंथ. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगाला पटिशाळा, पायऱ्या कुठून, गावापासून ते किती दूर, एवढेच तो सांगतो. त्यात विशेषण जवळजवळ नाही. हेतू भक्तीचा आहे, कारण ज्या दगडावर स्वामी बसले तो चुकता कामा नये. पण भक्तीने येथे वर्णन अलंकृत न करता काटेकोर केले. त्याच शतकात, १३४२ च्या सुमारास, इब्न बतूता दौलताबादेत होता. त्याने शहराचे तीन भाग वेगळे दाखवले, तेथील रत्नांच्या व्यापाऱ्यांची तुलना मिसरमधील व्यापाऱ्यांच्या एका वर्गाशी केली, गायक-गायिकांच्या बाजाराचे वर्णन केले. त्याच्यापाशी माणसे आणि बाजार आहेत, स्थानपोथीपाशी दिशा आणि अंतर. दोघांनी एकमेकांना पाहिले नाही, तरी वाटेवरच्या शहराचे गद्य लिहायला लागणारी दोन्ही अवजारे त्या एका शतकात या मुलखात हजर होती.

नंतरच्या संतचरित्रांत चित्र पालटते. मंगळवेढ्याच्या दामाजीची आणि अंबाजोगाईच्या दासोपंतांची कथा एकमेकींच्या फार जवळच्या आहेत : दुष्काळ, थकलेला किंवा वाटून टाकलेला महसूल, बीदरच्या दरबाराचा कोप, आणि देवाने स्वतः सामान्य माणसाच्या वेषात बीदरला जाऊन भरलेली रक्कम. महिपतीने १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ रचला तोवर दामाजीच्या गोष्टीतले बीदर पुरते तिजोरी होऊन बसले होते. देव तिथवर चालत जातो, पण वाट किती दिवसांची, दरवाजा कसा, दरबार कुठे भरे, याची कथेला गरज नाही. गंमत ही, की ही कथा मुळात त्याच व्यापारी-महसुली रस्त्याची कथा आहे. रस्ता तिच्या पोटात आहे आणि डोळ्यांसमोर नाही. मराठी मनात वाटेवरच्या सुलतानी शहराची पहिली प्रतिमा अशी तयार झाली, आणि आधुनिक गद्याने ती फारशी दुरुस्त केलेली नाही.

एकनाथांचे ‘अर्जदास्त’ हे भारूड मात्र वेगळी दिशा दाखवते. जनार्दनस्वामी दौलताबादच्या किल्ल्यावर निजामशाहीच्या सेवेत होते. तेथल्या दफ्तराची भाषाच शिष्याने भक्तीच्या कामाला लावली. शेख महंमदांकडे पाहिले तर हा धागा बीड जिल्ह्यातच येतो. त्यांचे मूळ गाव आष्टी तालुक्यातील वाहिरे, गुरू दौलताबादचे चांद बोधले, कर्मभूमी श्रीगोंदे, आणि ‘योगसंग्राम’ १६४५ चा. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ (१९६७) या ग्रंथात ही परंपरा अभ्यासाच्या कक्षेत आणली, हे त्यांचे मोठे कार्य. त्यानंतरच्या चर्चेत मात्र शेख महंमद हे पुन्हा सलोख्याचे प्रतीक झाले. वाहिरे, दौलताबाद, श्रीगोंदे या तीन ठिकाणांमधले अंतर, त्या काळात त्या वाटेवरून फिरणाऱ्या फौजा, आणि ‘संग्राम’ हेच रूपक या कवीला का सुचावे, यांचा संबंध लावणारे वाचन व्हायचे आहे. धारूर पडल्यानंतर चौदा वर्षांनी आणि निजामशाही बुडाल्यानंतर नऊ वर्षांनी लिहिलेल्या काव्यात लढाईचे रूपक हे केवळ अध्यात्माच्या पोथीतून आलेले असेल, असे मानणे कठीण आहे.

बीड शहराच्या दक्षिणेची खजाना बावडी हे या सर्व विचाराचे कसोटीचे ठिकाण. परंपरा तिची उभारणी १५८२ च्या सुमारास, मुर्तझा निजामशहाच्या काळात, सलाबतखानाशी जोडते. राजा भास्कर हे स्थापत्यकाराचे नावही परंपरेनेच राखले आहे. मराठवाड्यात बारवा पुष्कळ आहेत. बारवेत माणूस पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जातो. या बावडीत गोष्ट उलट आहे : जमिनीखालच्या वाटांनी पाणी आत येते आणि तशाच वाटेने उताराने बाहेर पडून शिवारापर्यंत चालत जाते. ही कल्पना पुढे १६१५ मध्ये बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात आणि १६१७ च्या सुमारास मलिक अंबरच्या नहरीत मोठ्या प्रमाणावर दिसते. तिचे मूळ इराणी करेझांमध्ये शोधले जाते. इस्फहानशी बीडचे नाते शोधायचे तर ते घुमटापेक्षा या अदृश्य पाण्यात अधिक सापडेल. प्रवासलेखकाच्या नजरेला मात्र जे वर उभे आहे तेच दिसते. सलाबतखानाच्याच वाट्याला आलेला विपर्यास पाहा : अहमदनगरजवळच्या डोंगरावरची त्याची अष्टकोनी, तीनमजली कबर लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून ओळखतात. डोंगरावर दिसणाऱ्या वास्तूला गोष्ट मिळाली, चुकीची का होईना. जमिनीखालच्या वास्तूला वर्णनही मिळाले नाही.

कंकालेश्वराचे पाण्यात उभे असलेले मंदिर आणि ही बावडी यांच्यात काही शतकांचे अंतर आहे. मंदिराला तीर्थाचा साचा मिळाला म्हणून त्याच्याविषयी लिहिले गेले. दोन्ही वास्तूंमागे कोरड्या मुलखातल्या शहराने पाण्याशी केलेला व्यवहार आहे, हे एकाच वाक्यात लिहिण्याची वेळ साच्यामुळे आली नाही. नावेही आता बदलत आहेत : निजामी अमलातले मोमिनाबाद पूर्वीच पुन्हा अंबाजोगाई झाले, औरंगाबाद आणि उस्मानाबाद २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. नावे बदलली तरी वेशी, नहरी आणि कमानी तिथेच असतात, आणि त्यांच्याविषयी लिहिणाऱ्याला दोन्ही नावांची गरज पडते. स्थानपोथीच्या रीतीने खजाना बावडीची नोंद करायची झाली तर आधी एवढे लिहावे लागेल : पाणी कोणत्या अंगाने आत येते, किती वाटांनी, बाहेर जाणारी वाट कोणत्या दिशेला, वेशीपासून अंतर किती, आणि त्या पाण्यावर कोणाचे शिवार भिजत होते.